महिपती दुधाळ सापडत नाहीत

महिपती दुधाळ करकंबहून सकाळच्या एसटीनं सोलापुरात आले, सात रस्त्याजवळच्या औषधांच्या दुकानावरचा जिना चढले आणि थेट राजश्री सरवदेच्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. काखेत शेंगा चटणीचा डबा होता. धाप जरा खाली बसल्यावर त्यांनी विचारलं,

"बाई, मी हाय का न्हाय?"

राजश्रीनं स्क्रीनवरून मान वर केली. माणूस समोर धडधाकट उभा होता. टोपी, मिशा, पायांत करकरत्या वहाणा. कमी असं काही दिसत नव्हतं.

"आहात की, काका. असं का विचारताय?"

"मंग तुमच्या ॲपाला सांगा की तसं."

झालं होतं ते असं. होटगी रस्त्यावरच्या माळावर हुरडा महोत्सव भरायचा होता. महिपतींची बायको वच्छला उखळात शेंगा कुटायची आणि तिची चटणी महिपती गावोगाव विकायचे. महोत्सवाला चटणी त्यांच्याकडून यायची ठरली होती, आणि त्यापायी महिपतींना समितीवरही घेतलं होतं. आदल्या दिवशी ते डबे घेऊन माळावर गेले, तर गेटवरच्या माणसानं मोबाईलमध्ये त्यांचं नाव घातलं आणि मान हलवली. ॲपवर ठसठशीत अक्षरं आली होती, 'या नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही.'

"त्याला म्हनलं, आरं बाबा, हा काय तुज्या म्होरं हुबा हाय मी. तर म्हनतो, तुमी दिसायलाव हो काका, पर नसलेल्या मानसाची चटनी मी आत कशी घेऊ?" महिपतींनी डबा टेबलावर ठेवला. "घरी जाऊन वच्छलाला सांगितलं. तिनं आदी मला चिमटा काडला, आन मंग सोताला."

राजश्रीला हसू आलं आणि पाठोपाठ ओशाळल्यासारखं झालं. ॲप तिनंच लिहिलेलं होतं. 'नाव सापडलं नाही' एवढं पुरलं असतं, तिथं असं भारदस्त वाक्य घालायची हौसही तिचीच.

राजश्री काही वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलेली. तिथं ती कुठल्याशा परदेशी बँकेच्या कुठल्याशा पानावरचं एक बटण सांभाळायची. ते बटण दाबतं कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. सोलापुरात ऋतुराज घाडगेच्या छोट्या कंपनीत ती आली ती याचसाठी, की इथं आपण लिहिलेलं वापरणारा माणूस रस्त्यात भेटतो. तो असा जिना चढून टेबलापुढं येईल, हे तिनं धरलं नव्हतं.

"बसा, काका," ती म्हणाली. "शोधते तुम्हाला."

महोत्सवाचे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांची एक रीत होती. कोणी रुसलं की त्याला समिती द्यायची. स्वागत समितीत जागा मिळाली नाही म्हणून एक जण रुसला, त्याला स्वागत समितीच्या पोटात हार उपसमिती मिळाली. हारवाल्यांत बिनसलं, तेव्हा तिच्याही पोटात गुच्छ गट निघाला. भोजन समितीत चटणी उपसमिती, तिच्यात शेंगा चटणी गट, आणि तिखट खाणाऱ्यांचं नि बेताचं खाणाऱ्यांचं जमेना म्हणून त्यातही तिखट गट वेगळा. राजश्रीनं हे जसंच्या तसं ॲपमध्ये भरलं होतं. ओळीनं मांडलेल्या गोष्टींना प्रोग्रॅमवाले ॲरे म्हणतात. एका ॲरेच्या आत दुसरा ठेवता येतो, दुसऱ्याच्या आत तिसरा, आणि कॉम्प्युटर कुरकुर करत नाही.

घोळ होता तो शोधण्यात. त्यासाठी तिनं प्रोग्रॅमच्या भाषेतली एक तयार सोय वापरली होती, आणि ती सोय फक्त पहिल्या ओळीत बघते. तिला भोजन समिती दिसायची, पण ती भोजन समितीच्या आत शिरायची नाही.

"काका, तुम्ही लई आत आहात," राजश्री म्हणाली. "मुख्य समितीत भोजन समिती, तिच्यात चटणी उपसमिती, तिच्यात शेंगा चटणी गट आणि त्यात तिखट गट. तिथं तुम्ही. ॲप उंबऱ्यावरनंच माघारी येतंय."

"मंग त्याला म्हना, आत ये की. चप्पल काड आन ये."

तिनं तसंच सांगितलं. समितीत समिती दिसली की आत शिरायचं, तिच्यात आणखी दिसली की आणखी आत, आणि माणसं संपली की एकेक दार ओलांडत बाहेर यायचं. दहाबारा ओळींचं काम. तिनं ते चालू केलं. कॉम्प्युटरचा पंखा घुमायला लागला.

"घावलो का?" महिपतींनी विचारलं.

"अजून नाही. आत गेलंय ते."

"येईल न्हवं भाईर?"

ते बाहेर आलं नाही. थोड्या वेळानं स्क्रीनवर लाल अक्षरं आली आणि प्रोग्रॅम आडवा पडला. राजश्रीनं त्याची वाट तपासली आणि कपाळावर हात मारला. मुख्य समिती, तिच्यात देखरेख समिती, तिच्यात मुख्य समिती, तिच्यात देखरेख समिती. प्रोग्रॅम गरगरतच होता.

त्यालाही कारण होतं. वैजयंतीताई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मुख्य समितीवर कोणाची तरी नजर हवी, असा आग्रह त्यांनी धरला. बापूसाहेबांनी रीतीप्रमाणे त्यांना देखरेख समिती देऊन टाकली, पण अट घातली, की मुख्य समिती अख्खीच्या अख्खी त्या समितीत सभासद राहील. आपल्यावर कोण कशी नजर ठेवतंय हे आपल्याला दिसायला नको? अशी मुख्य समिती आपल्याच पोटातल्या समितीच्या पोटात जाऊन बसली. बैठकीत कोणाला त्याचं काही वाटलं नाही. चहा झाला आणि सगळे घरी गेले.

राजश्रीनं प्रोग्रॅमला समज दिली. ज्या समितीत एकदा जाऊन आलास तिथं पुन्हा जायचं नाही. मग तिनं महिपतींचं नाव घातलं आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत ते आलं. 'महिपती दुधाळ, तिखट गट.'

महिपतींनी ते मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं. खिशातनं मोबाईल काढून म्हणाले, "एक फोटू काडा की बाई, स्क्रीनच्या शेजारी मला हुबं करून. वच्छलाला धाडतो."

तिथं हे मिटायला हरकत नव्हती. पण दुपारी ऋतुराज आला. हा माणूस गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकलाच नव्हता. त्यानं राजश्रीला, स्टिकरच्या प्रिंटरला आणि चटणीसकट महिपतींना गाडीत घातलं आणि सगळी वरात बापूसाहेबांच्या बंगल्यावर नेली. सभासदांचे बिल्ले तिथंच छापायचे होते. वैजयंतीताईही आल्या होत्या.

बापूसाहेबांनी ॲपवर पहिल्यांदा स्वतःचं नाव बघितलं, मग देखरेख समिती उघडली. त्यांचा चेहरा उतरला.

"हितं नुसत्या वैजयंतीताई दिसायलेत. मुख्य समिती कुटं गेली?"

"ती एकदा वर येऊन गेली ना, म्हणून इथं वगळली," राजश्री म्हणाली.

"वगळली? कुनाच्या ठरावानं?"

वैजयंतीताईंनी चष्मा सारखा केला. "माझाही आक्षेप आहे. माझ्या समितीत मुख्य समितीच नसेल, तर मी एकटी बसून देखरेख कुणावर करायची?"

"होऊन जाईल, बापूसाहेब," ऋतुराज म्हणाला. "राजश्री, काढून टाक ते वगळणं."

"सर, मग ते थांबणारच नाही."

"न थांबनारीच मानसं पायजेत आपल्याला," बापूसाहेब म्हणाले.

राजश्रीनं आणखी एकदा सांगून पाहिलं. मग तिनं ते वगळणं काढलं, प्रिंटर जोडला आणि बटण दाबलं.

पहिला बिल्ला नीट आला. 'बापूसाहेब, अध्यक्ष, मुख्य समिती.' दुसरा वैजयंतीताईंचा. 'वैजयंती, प्रमुख, मुख्य समितीतील देखरेख समिती.' तिसरा पुन्हा बापूसाहेबांचा. 'अध्यक्ष, मुख्य समितीतील देखरेख समितीतील मुख्य समिती.' बापूसाहेबांनी तो वाचला आणि पहिला हळूच खिशात घातला.

"ह्यो बरा हाय," ते म्हणाले. "भरल्यासारका वाटतो."

चौथा वैजयंतीताईंचा आला आणि तो बापूसाहेबांच्या बिल्ल्याहून लांब होता. त्यांनी तो पदरावर असा लावला की दिसावा. पाचवा आला तो बापूसाहेबांच्या छातीवर मावेना. त्यांनी तो खांद्यावरून मागं घेतला. त्यानंतरचा वैजयंतीताईंच्या पदरावरून खाली गुडघ्यापर्यंत आला. दर फेरीला एकाचा बिल्ला दुसऱ्याहून लांब निघत होता आणि जो मागं पडेल तो प्रिंटरपाशी येऊन उभा राहत होता.

"थांबवू का?" राजश्रीनं विचारलं.

"आता नको," वैजयंतीताई म्हणाल्या. "यांचा लांब आहे."

मग त्यांचा लांब झाला आणि बापूसाहेब म्हणाले, "हे काय थांबवायची येळ हाय का, ताई?"

कागद सोफ्यावरून व्हरांड्यात गेला, व्हरांड्यातून अंगणात. ऋतुराज रोल बदलत होता. बापूसाहेबांचा ड्रायव्हर फाटकापाशी उभा राहून ती पट्टी गुंडाळत होता आणि अधूनमधून वाचून दाखवत होता, "अजून मुख्य समितीच चाललीय, साहेब!" बापूसाहेबांच्या अंगाला पट्टीचे वेढे बसले होते आणि त्यांना पाणी प्यायला हात वर करता येत नव्हता.

महिपती बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले होते. "बाई, माजा कवा यील?"

राजश्रीनं त्यांच्याकडं बघितलं. मुख्य समितीच्या ओळीत देखरेख समिती आधी होती आणि भोजन समिती तिच्या मागं. प्रोग्रॅम देखरेखीतून बाहेर येईल तेव्हा भोजनाची पाळी, आणि तो तर बाहेर येणारच नव्हता. सकाळी सापडलेला माणूस पुन्हा हरवला होता. तिला एकाएकी फार राग आला. तिनं उठून प्रिंटरची वायर ओढली.

"हे उद्याही संपणार नाही आणि पुढच्या वर्षीही नाही," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्याच पोटात बसलाय, बापूसाहेब. एकच उपाय आहे. सगळ्यांना फ्लॅट करायचं."

"म्हंजे?"

"समितीतल्या समित्या मोडायच्या. आतली सगळी माणसं बाहेर काढून एका ओळीत मांडायची. ज्याचं नाव दोनदा आलं, ते एकदाच ठेवायचं."

"मी आन गुच्छवाला एका वळीत?" बापूसाहेब वेढ्यांतून जमेल तेवढे ताठ झाले. "असा ठराव कोन मंजूर करतंय ते बगू की. उद्या सकाळी माळावर सर्वसाधारण सभा!"

एवढं बोलणं झालं, तेव्हा ड्रायव्हर पट्टी गुंडाळत गुंडाळत व्हरांड्यापर्यंत पोचला होता. त्याच्या कानावर मधलं एकच वाक्य पडलं. सगळ्यांना फ्लॅट करायचं. संध्याकाळ व्हायच्या आत ते होटगीपर्यंत गेलं आणि तिकडून करमाळ्याच्या पाहुण्यांना फोन गेले.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. जे सभासद एकाही बैठकीला फिरकले नव्हते, तेही आले होते. बापूसाहेबांनी राजश्रीला माईकपाशी बोलावलं आणि ठराव पडलेला बघायला निवांत मागं रेलून बसले. होटगीचे शिवप्पा उठले.

"म्याडम, फ्लॅट सगळ्यास्नी का फकस्त मुख्य समितीला?"

"सगळ्यांना," राजश्री म्हणाली. "कोणालाही वगळायचं नाही."

मांडवात खुशीची कुजबुज उठली.

"लहान-मोटा भेद?"

"नाही. सगळे सारखेच."

"वरचा कुनाला, खालचा कुनाला, ह्यावरनं भांडणं हुतील की."

"वर-खाली काही उरणारच नाही, काका. सगळे एकाच पातळीवर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर उभे राहिले. हातच हात वर झाले. राजश्री बघतच राहिली. तिच्या घरी समतेचा विषय रोजचा. आजोबांनी त्यापायी गाव सोडलेलं, वडील यशपाल त्यावर बोलायला लागले की जेवण गार व्हायचं. पण सोलापूर जिल्ह्यातली माणसं समतेसाठी अशी खुर्च्यांवर चढतील, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती माईकवर "धन्यवाद" म्हणाली तेव्हा आवाज फुटला, आणि शेजारच्या बाईनं डोळे पुसत तिचा हात हातात घेतला. बापूसाहेबांनी इकडंतिकडं बघितलं. एवढ्या गर्दीत आपलाच हात खाली दिसेल म्हणून त्यांनीही तो वर केला.

राजश्रीनं तिथंच सगळ्यांना फ्लॅट केलं. क्षणभराचं काम. सगळ्या समित्यांतली माणसं बाहेर आली, दोनदा आलेली एकदा झाली, आणि अक्षरांच्या क्रमानं ओळीत बसली. बिल्ले पटापट छापून निघाले, सगळे एका मापाचे. वर नाव. खाली पदाची जागा होती, पण आता पद कोणालाच नव्हतं. रिकाम्या जागेत प्रोग्रॅमनं आपल्या सवयीनं छापलं, 'एन.ए.' म्हणजे लागू नाही. राजश्रीच्या ते ध्यानात आलं, पण घाईत तिनं तसंच राहू दिलं.

'महिपती दुधाळ. एन.ए.' गेटवरच्या माणसानं बिल्ला बघितला आणि महिपतींना सलाम ठोकून आत सोडलं.

महोत्सव सुरू झाला तेव्हा पहिला थोडा वेळ कोणी काहीच करेना. हार कोणी घालायचा हे ठरलेलं नव्हतं, त्यामुळं हार कोणालाच पडला नाही. व्यासपीठावर कोण बसणार हे ठरलेलं नव्हतं, म्हणून तिथं कोणी चढलं नाही, आणि भाषणं राहून गेली. पाहुणे मात्र यायला लागले, आणि भुकेला माणूस समिती विचारत नाही. आगट्या पेटल्या. गुच्छ गटातल्या माणसानं कणसं भाजायला घेतली आणि बापूसाहेब शेजारीच होते म्हणून त्यानं एक गरम कणीस त्यांच्या हातात दिलं. बापूसाहेबांनी ते चोळलं, हात भाजला, शिवी दिली आणि दुसरं मागितलं. कोणा पाहुण्या बाईनं त्यांना "अहो, जरा दही आणता का?" म्हटलं, तर ते उठून दही घेऊन आले. वैजयंतीताई कोणावरच नजर न ठेवता हुरडा खात होत्या. महिपतींची चटणी खाऊन पुण्याच्या एका पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि महिपतींनी त्याला मायेनं गूळ दिला. राजश्री आगटीशेजारी बसली होती. कपड्यांना धूर लागला होता, ओंजळीत कोवळा हुरडा होता, आणि पुण्यातलं ते बटण तिला दिवसभरात एकदाही आठवलं नाही.

सोमवारी ती कामावर आली तर जिन्यावर रांग होती. रांग औषधांच्या दुकानापुढून रिक्षा स्टँडपर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि बिल्ला. ऋतुराज आतून कडी लावून बसला होता.

शिवप्पा सगळ्यांच्या पुढं होते. "म्याडम, चाव्या आजच देनार का? भिताडाला कलर आमीच देऊ, त्याचं न्हाय काय."

राजश्रीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली. खुर्च्यांवर चढलेली ती माणसं तिच्या डोळ्यांपुढं आली. तिला वाईट वाटलं, हसूही आलं, आणि दोन्हीतलं कोणतं आधी येऊ द्यावं ते कळेना.

शिवप्पांच्या मागं अक्कलकोटकडच्या चंद्रव्वा उभ्या होत्या. म्हातारी गुडघा चोळत म्हणाली, "मला फ्लॅट ब्याड, नको ग बाई. जिना चढवत न्हाय."

"आजी, फ्लॅट नाहीच आहे," राजश्री म्हणाली. तिनं उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "ऐका सगळे. गैरसमज झालाय. आमच्या भाषेत फ्लॅट म्हणजे राहायचा फ्लॅट नव्हे. फ्लॅट म्हणजे सपाट. नुसतं सपाट!"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. राजश्रीनं मनाची तयारी केली.

"सपाट?" शिवप्पा सावकाश म्हणाले. "म्हंजे प्लॉट?"

"नाही, काका..."

"आवो, प्लॉटच की!" त्यांनी बिल्ला उंच धरला. "आन ह्ये काय लिवलंय खाली? एन.ए.! बिगरशेती करून मिळालाय, बांधकामाला मोकळा!"

बातमी जिना उतरून रिक्षा स्टँडपर्यंत गेली. फ्लॅटपेक्षा प्लॉट शंभर वाट्यानं बरा, आणि तोही एन.ए. लोक बिल्ल्यावरची अक्षरं एकमेकांना दाखवत होते. चंद्रव्वांनी राजश्रीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. राजश्री 'लागू नाही, लागू नाही' असं ओरडत होती, तर कोणी तरी म्हणालं, "व्हय व्हय, शेतीचा कायदा लागू न्हाय, म्हायती हाय आमाला." जागा कुठंय ते सवडीनं कळवा, असं सांगून हसतखेळत एकेक जण निघून गेला.

जिना रिकामा झाला, तेव्हा खालच्या पायरीवर एक माणूस राहिला होता. पांढरे कपडे, एका हाताला भाजल्याचं मलम, दुसऱ्या हातात बिल्ला. बापूसाहेब होते. ड्रायव्हर नाही, गाडी नाही, रांगेत उभे राहून आले होते.

"बापूसाहेब, तुम्ही?" राजश्री म्हणाली. "तुम्हाला तर मी सगळं समजावून सांगितलं होतं."

"व्हय, सांगितलंत की," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी बिल्ला पुन्हा एकदा वाचला आणि जरा संकोचून वर बघितलं. "पर एवडी मानसं म्हनायलेत, म्हंजे काय तरी असंल. मी काय मागून घेत न्हाय. सगळ्यास्नी मिळंल तसा मला मिळू द्या."

राजश्रीनं ऋतुराजला कडी काढायला लावली आणि त्यांच्यासाठी वरून खुर्ची आणली. ते बसले, पाणी प्यायले, मलम लावलेल्या हातावर फुंकर घातली. मग गळा साफ करून हळूच म्हणाले,

"तेवडा कोपऱ्याचा बगा, ताई."